शेवटच्या नळीतली हवा

मी, काचेच्या नळ्यांत वायू भरून दुकानांच्या पाट्या पेटवणारी, या दुकानाची मालकीण, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता हे लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. गोंधळ आहे तो फक्त कलम चारपुरता, आणि तो दाखल्यानंतर झाला आहे.

कलम १. घर थोरल्या लेकीचे आणि धाकट्या लेकाचे, निम्मे निम्मे. गच्चीवर आधी कपडे कोणी वाळत घालायचे यावरून भांडू नये. भांडणारच, पण माझे नाव मध्ये घेऊ नये.

कलम २. दुकान, पंप आणि निऑनचे सिलिंडर थोरलीला. बँकेतली शिल्लक धाकट्याला. नळी वाकवताना आपल्याला झोप येते, हे त्याने स्वतःच कबूल केले आहे.

कलम ३. दिराला काही नाही. "हवा विकून कुणाचं पोट भरलंय का?" असे तो चारचौघांत म्हणाला होता. पुढे स्वतःच्या दुकानाची पाटी मात्र आमच्याकडूनच फुकट नेली. तिचा ट्रान्सफॉर्मर तरी परत मागावा असे वाटते. नको, राहू दे.

कलम ४. माळ्यावरची नळी. ह्यांच्या हातची शेवटची. तापलेली काच वाकताना चपटी होऊ नये म्हणून वाकवणारा एका टोकाने सारखा फुंकत राहतो. ह्यांनी फुंकली, वाकवली, धूळ जाऊ नये म्हणून दोन्ही टोके आचेवर बंद केली आणि घरी जेवायला आले. नंतर दुकानात जाणे झालेच नाही. नळीत अजून त्यांचीच हवा आहे.

थोरली म्हणते, "आई, बाबांनी ती पेटवायलाच केली होती ना? मग मी पेटवते." पण निऑन भरायचा तर आधी आतली हवा पंपाने उपसावी लागते. म्हणजे ह्यांनाच बाहेर काढायचे. सबब नळी पेटवू नये. (हे वाक्य खोडले आहे.) पेटवावी. (हेही खोडणार होते. साक्षीला बसलेल्या समोरच्या शिंप्याने आता खोडू नका म्हटले.)

माझी समजूत काढायला थोरली म्हणाली, "अगं, निऑन हवेतूनच तर काढतात. हवा इतकी गार करतात की ती पाण्यासारखी पातळ होते, मग एकेक वायू वेगळा करतात. बाबांच्या फुंकरीतही कणभर निऑन असणारच की!" हे ऐकून मी आणखीच गोंधळले. त्यात ही पाटी कशाची, तेही कोणाला ठाऊक नाही. थोरलीला किटली दिसते, धाकट्याला बूट. ज्याने सांगितली होती ते गिऱ्हाईक फिरकलेच नाही.

आता खरे काय ते लिहिते. संसारभर आमचा एकच वाद. फुंकणे त्यांचे, पंप माझा. आत जरा हवा उरली की निऑनचा लालभडक रंग मळतो, जांभळट होतो, उजेड फडफडतो. तसे झाले की हे गिऱ्हाईकासमोर म्हणायचे, "हिला कसली घाई असते, कोण जाणे!" मला फार लागायचे ते. आता तेच ऐकावेसे वाटते.

तेव्हा शेवटचे ठरले. नळी पेटवावी. पंप थोरलीने चालवावा आणि वेळेआधी बंद करावा. थोडी हवा आत राहू द्यावी, मग निऑन भरावा. उजेड मळकट येईल, फार टिकणारही नाही. ह्यांना मुळीच आवडला नसता. कोणी विचारले तर सांगावे, आईला घाई होती.

सही: दुकानाची मालकीण

साक्षीदार: १. समोरचा शिंपी (सही). २. पाट्यांचा रंगारी (सही, त्याच्या मते ती किटलीच आहे).

ठिकाण: दुकानाची मागची खोली, पंपाशेजारी.
तारीख: शिंप्याने त्याच्या सहीखाली घातली आहे. माझा चष्मा माळ्यावर राहिला.