चारही दिशांना एक किलोमीटर

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

आज वर्गात पुन्हा हसं झालं.

प्रियदर्शनी मॅडम आम्हाला कृषी पदविकेला शिकवतात. माझ्या अर्पितापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठ्या असतील. म्हणाल्या, प्रत्येक विद्यार्थ्याने लिंक्डइनवर प्रोफाइल उघडायचं. आठवड्याला दोन पोस्ट. वीस गुण त्याचे. मी हात वर केला. म्हणालो, मॅडम, बावीस वर्षं बियाणे कंपनीचे बीजप्लॉट फिरतोय, आता जगाला काय दाखवायचं राहिलंय?

"काका, फिरलात ते कुणाला दिसलं?"

सगळी पोरं हसली. मीही हसलो. घरी येताना मात्र ते वाक्य गाडीवर मागे बसल्यासारखं सोबत आलं.

पदविका झाली तर फिल्डमनचा अधिकारी होईन. आमचे जिल्ह्याचे मॅनेजर राधेश्याम साहेब यांचा शब्द आहे. एकोणपन्नासावं चालू आहे. मोटारसायकलवरून उतरताना उजवा पाय हल्ली हाताने उचलून घ्यावा लागतो. म्हणून हा सगळा खटाटोप.

४ फेब्रुवारी

अर्पिताने प्रोफाइल उघडून दिलं. नावाखाली काय टाकू म्हणाली. म्हणालो, फिल्डमन.

"असं न्हाई चालत, बाबा!"

मग तिने 'बियाणे गुणवत्ता व्यावसायिक व विद्यार्थी' असं टाकलं. वाचताना दुसऱ्याच कुणाचं तरी वाटलं. फोटोपुरतं कपाळावरचं गंध पुसा म्हणाली. ते मात्र राहू दिलं.

९ फेब्रुवारी, रविवार

पहिली पोस्ट. बियाण्याची उगवण कशी तपासतात त्यावर. सात जणांना आवडली. त्यातल्या चार अर्पिताच्या मैत्रिणी.

१२ फेब्रुवारी

जपाला बसलो. हात माळेवर, मन मोबाइलवर. सात आहेत की आठ झाले?

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

वडीगोद्रीच्या पुढे सोनूबाईंचा प्लॉट. पांढऱ्या कांद्याचं बी, दीड एकर. सोनूबाई शाळेत माझ्या दोन वर्ग पुढे होत्या. नवरा गेल्यापासून एकट्या करतात. मजूर लावतात, पण पाण्याची बारी स्वतः धरतात. प्लॉट असा की बघत बसावं. एका उंचीचे गोंडे, आता उमलायला लागलेले, आणि त्यावर मधमाश्यांचा एकसारखा आवाज.

मधमाश्यांमुळेच माझी नोकरी आहे. एक किलोमीटरच्या आत दुसऱ्या जातीचा कांदा फुलला तर माशी तिकडचा पराग इकडे आणते. बी भेसळ होतं. पांढरा म्हणून विकलेला कांदा पुढच्या शेतकऱ्याच्या वावरात लाल-गुलाबी निघतो. म्हणून प्लॉटच्या चारही बाजूंना एक-एक किलोमीटर पायी फिरायचं. कुणी घरच्या बियांसाठी दोन वाफे जरी ठेवले असले तरी त्याला विनंती करून कापून घ्यायचे. बावीस वर्षं हेच काम.

आज व्हिडिओ करायचा होता. अर्पिताने बजावलं होतं, सकाळच्या उन्हात करा, चेहरा नीट येतो. फोन बांधावरच्या खांबाला बांधला आणि बोलायला लागलो. चार वेळा चुकलो. सोनूबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या.

"आवं भाऊ, प्लॉट तपासायला आलात का प्लॉटचं लगीन लावायला?"

पाचव्यांदा जमलं. मधेच त्या काहीतरी बोलायला लागल्या, त्यांना थांबवलं.

पूर्व, पश्चिम, उत्तर फिरलो. दक्षिणेला ओढ्यापर्यंतच गेलो. ओढा उतरायचा म्हणजे दगडांवरून — गुडघा ऐकेना. आणि वेळही व्हिडिओत गेला होता. गेल्या वर्षी पलीकडे हरभराच होता. रिपोर्टात चारही दिशा तपासल्या असं लिहिलं.

बावीस वर्षांत असं पहिल्यांदा लिहिलं. इथे लिहून ठेवतो, म्हणजे निदान कुठेतरी खरं राहील.

१६ फेब्रुवारी

अर्पिताने व्हिडिओला मागे बासरीचं संगीत लावलं, कापून दीड मिनिटाचा केला. वर ओळ टाकली — 'चारही दिशांना एक किलोमीटर : हीच माझी प्रयोगशाळा.'

छान झालंय म्हणालो.

१९ फेब्रुवारी

बारा हजार लोकांनी पाहिलं! बारा हजार! आमच्या अख्ख्या गावात एवढी माणसं नाहीत.

राधेश्याम साहेबांचा फोन. "धर्मराजजी, कमाल कर दी! हेड ऑफिसने पाहिलं. जूनमध्ये तुमचं पक्कं समजा."

बायकोने, उषाने, साखर हातावर ठेवली. देवापुढे दिवा लावला. डोळे मिटल्यावर ओढा दिसला. डोळे उघडले.

२३ फेब्रुवारी, रविवार

मॅडमनी माझा व्हिडिओ वर्गात मोठ्या पडद्यावर लावला. "काका, आता दिसलात बघा!" पोरांनी टाळ्या वाजवल्या. एकाने विचारलं, काका, रोज एवढं चालता? मी म्हणालो, सवय आहे.

२४ फेब्रुवारी, एकादशी

उपास. प्रत्येक कॉमेंटला उत्तर द्यावं लागतं, अर्पिता म्हणते. एकसष्ट वेळा 'धन्यवाद' लिहिलं. नामाचा जप तेवढा झाला नाही.

५ मार्च

थकलो. नवीन दोन पोस्टींना कुणी विचारलं नाही. अर्पिता म्हणते, पहिल्याच ओळीत माणूस थांबला पाहिजे. आता वावरात शिरलो की रोप दिसायच्या आधी ओळ सुचते. काल भेंडीच्या प्लॉटवर रोगट पान हातात घेऊन उभा होतो आणि मनात चाललं होतं — हे कसं मांडावं? शेतकरी शेजारी उभा राहून विचारत होता, "फवारा कोणता मारू साहेब?" त्याला दोनदा विचारावं लागलं.

१८ मार्च, मंगळवार

मॅडमना गुण द्यायला मूळ व्हिडिओ हवा होता. न कापलेला, संगीताशिवाय. फोनमध्ये होताच. पाठवण्याआधी एकदा पाहावा म्हणून जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या जिन्यात बसून लावला.

माझा चेहरा. मागे माश्यांचा आवाज. मग सोनूबाई, चौकटीच्या बाहेरून —

"भाऊ, वढ्याच्या पल्याड अप्पारावच्या कांद्याला डेंगळे आल्ते काल. लाल कांदा हाय. तेवढं बघून घ्या."

माझा आवाज : "एक मिनिट बाई, चालू आहे."

थोडा वेळ नुसत्या माश्या. मग पुन्हा मी, गोड आवाजात : "नमस्कार. मी चारही दिशांना..."

दोन घास खाल्ले होते. डबा बंद केला.

१९ मार्च

झोप नाही. हिशोब साधा आहे. त्या दिवशी डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, नुकते निघालेले होते. अर्ध्या तासाचं काम. ओढा उतरायचा, अप्पारावच्या घरी कुणाला तरी सांगायचं, विळ्याने कापायचं. प्लॉट शुद्ध राहिला असता. आता सव्वा महिना झाला. सगळं फुलून गेलं, माश्यांनी करायचं ते केलं, गोंड्यात काळं बी भरलं. आता कुणाच्याही हातात काही नाही.

सांगितलं तर सोनूबाईंचा प्लॉट नापास. वर्षाची मेहनत, त्यांचा काही दोष नसताना. नाही सांगितलं तर ते बी पिशव्यांत भरून कुठल्या तरी अनोळखी माणसाच्या वावरात जाणार. तो पांढरा कांदा म्हणून लावणार.

बारा हजार लोकांनी पाहिलं. त्या संगीताखाली बाईचा आवाज एकालाही ऐकू आला नाही. त्यांना काय म्हणू — मलाच आला नाही, मी तर दहा हातांवर होतो.

२२ मार्च, शनिवार

सोनूबाईंना सांगायचं म्हणून निघालो. अंबडपर्यंत गेलो. चहा घेतला. परत आलो.

२५ मार्च, एकादशी

उपास. मारुतीच्या पारावर बराच वेळ बसलो. काही मागितलं नाही. मागायला तोंड नव्हतं.

२७ मार्च

राधेश्याम साहेबांना केबिनमध्ये सगळं सांगितलं. त्यांनी आधी दार लावून घेतलं.

"किसने देखा? अप्पाराव तक्रार करणार आहे का? का ती बाई करणार आहे?"

"कुणी नाही, साहेब. पण बी खोटं निघेल ना पुढच्या वर्षी."

"तेव्हाचं तेव्हा बघू. हजार कारणं असतात. तुमचा व्हिडिओ कंपनीच्या पेजवर आहे, धर्मराजजी. तुम्हीच आमचा चेहरा. आता चेहऱ्याने असं बोलायचं नसतं."

खांद्यावर हात ठेवला. माणूस वाईट नाही. त्यांच्याही पोरीचं लग्न आहे मे महिन्यात.

३० मार्च, पाडवा

गुढी उभारली. उषा कडुलिंबाची चटणी वाटत होती. तिला सगळं सांगून टाकलं. तिने हात थांबवला नाही.

"सोनूबाईला सांगितलं का?"

"सांगणार आहे."

"आधी तिला सांगा. मंग बाकीच्या दुनियेला."

बरोबर बोलली. पण सोनूबाई समोर उभ्या राहतील, काही न बोलता बघतील — ते सहन होईल असं वाटत नाही. लिहिणं जमतं. बघणं जमत नाही.

१ एप्रिल, मंगळवार

टाकलं.

अर्पिताची मदत घेतली नाही. मूळ व्हिडिओतला तेवढा तुकडा, बिनसंगीताचा. खाली लिहिलं की मी दक्षिणेला ओढा ओलांडला नाही. मला सांगितलं गेलं होतं, मी ऐकलं नाही. रिपोर्ट खोटा आहे. प्लॉट पुन्हा तपासावा. सोनूबाईंचं नाव लिहिलं नाही. बटण दाबलं आणि एकदम हलकं वाटलं. कितीतरी दिवसांनी पोटभर जेवलो.

३ एप्रिल

चाळीस हजार. पहिल्याच्या तिप्पट!

'अशी माणसं आहेत म्हणून जग चाललंय.' 'सर, तुमच्या प्रामाणिकपणाला सलाम.' पुण्याच्या कुणा मोठ्या माणसाने लिहिलंय की नव्या पोरांना हे शिकवलं पाहिजे. मॅडमचा मेसेज — वीसपैकी वीस.

खरं लिहितो. गोड लागलं. चूक कबूल केली तेही गोड लागलं! रात्रीतून तीनदा उठून पाहिलं. हे कसलं प्रायश्चित्त?

दुपारी साहेबांचा फोन. आवाज कोरडा. आता सगळ्यांनी पाहिलंय म्हटल्यावर हेड ऑफिसपुढे दुसरा रस्ता नव्हता. प्लॉट नापास. आदेश आजच निघाला, उद्या माणूस जाऊन सोनूबाईंच्या हातात कागद देईल. कंपनी बी घेणार नाही.

"और तुमचं जूनचं," साहेब म्हणाले, "ते आता माझ्या हातात राहिलं न्हाई."

ते जाऊ दे. कागद माझ्या आधी पोचणार.

४ एप्रिल

गेलो नाही. ताप आहे असं घरी सांगितलं. अंग गार होतं.

५ एप्रिल

उषाने डबा भरून गाडीच्या हँडलला अडकवून ठेवलाय, सकाळसाठी. म्हणजे जायचंच आहे.

६ एप्रिल, रामनवमी

सोनूबाई ताडपत्रीवर गोंडे वाळवत होत्या. कागद पदराला बांधलेला. ओरडल्या नाहीत. पाणी दिलं. मग म्हणाल्या —

"तुम्ही व्हिडिओ करून राह्यल्ते, ऐकून न्हाई घेतलं. मंग मीच त्याच सांजेला वढा उतरून गेल्ते. अप्पाराव पोरीकडं गेल्ता, घरी कुणी नव्हतं. एकूण एक डेंगळा कापला, शेळीपुढं टाकला. एकबी उमललेला नव्हता, भाऊ. त्याला अजून वाटतं जनावरानं खाल्ले. मला एकदा इचारायचं तरी होतं."

तिथूनच साहेबांना फोन लावला. प्लॉट शुद्ध आहे म्हणालो. साहेब म्हणाले, पुरावा? चाळीस हजार लोकांना तुम्हीच सांगितलंय की भेसळ आहे.

सोनूबाईंना विचारलं, कापलेल्याचा एखादा फोटो?

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

"काम केलं की भाऊ. त्याचा फोटू कशाला काढायचा?"