मदतनीस श्री. वाघमारे

२२ नोव्हेंबर ९३, परभणी
पुण्याच्या कंपनीचं पत्र. आमचा जिवाणू खताचा कारखाना विकत घेऊ म्हणतात. कारखाना कसला, वसंताच्या पेडगावच्या शेतातलं शेड. जागा त्याची, खत बनवणं माझं. भागीदारी निम्मी-निम्मी.
भाषा लोण्यासारखी. 'आदरणीय वसंतराव', 'आपला बहुमोल उपक्रम'. शेवटी: 'आपले मदतनीस श्री. वाघमारे यांना नोकरीत सामावून घेण्याचा विचार करू.'
वाघमारे म्हणजे मी.

२३ नोव्हें.
वसंता म्हणाला, "तूच लिही उत्तर. माजं अक्षर कोन वाचनार?" नेहमीचंच. लिहिणार मी, सही त्याची.
पहिला मसुदा फाडला. चिडून लिहावं तर म्हणतील, यांची भाषाच अशी. मऊ लिहावं तर मदतनीसच राहतो. शेवटी: 'श्री. वाघमारे हे समान भागीदार आहेत, कृपया नोंद घ्यावी.' 'कृपया' काढलं. परत घातलं.

२५ नोव्हें.
टाइप केलेलं वाचून वसंता म्हणाला, "ते भागीदाराचं वाक्य काढ की. सौदा मोडंल."
"खोटं हाय का?"
"खोटं न्हाई रे. पन..."
दिवाळीत तो एकटा पुण्याला गेला होता, तेव्हाचं आज सांगितलं. कंपनीच्या साहेबानं विचारलं, वाघमारे कोण? "विद्यापीठाच्या नामांतरावरून तिथंबी लय बोलायलेत. साहेबाचा सूर वेगळाच वाटला. मदतनीस हाय म्हनून मोकळा झालो. भ्यालो मी."
सायकल काढली. पिंगळी स्टेशन आलं तेव्हा कळलं कुठवर आलोय.

२७ नोव्हें.
शेडवर गेलो नाही. जिवाणूंच्या बाटल्या नासल्या असतील. आई विचारते, भांडलास का? भांडलो असतो तर बरं.

२८ नोव्हें.
वसंता घरी आला. पत्रावर सही केलेली, वाक्य तसंच. आईनं दिलेला चहा प्यायला. "तूबी कर सही. माज्या वर."
वर नाही, शेजारी केली. दोघांनी जाऊन पत्र टाकलं. कंपनीवाले नको म्हणाले तर? शेड त्याचंच आहे. माझं काय?

९ डिसें.
उत्तर आलं. दोघांच्या नावानं. आदरणीय नाही, बहुमोल नाही. सोमवारी दोघांनी कागदपत्रांसह भेटावं, एवढंच.
"चांगलं का वाईट?" वसंता.
मलाच कळेना. चार वेळा वाचलं.

१२ डिसें., बसस्टँड
वसंता आला. इस्त्रीचा शर्ट, घामेजलेला. "तिथं आधी मी बोलतो," म्हणाला.
काय बोलणार, विचारायचं होतं. तेवढ्यात पुण्याची गाडी लागली. जागा धरायला तो पुढं पळाला.