गुणाचं बाळ

३ मार्च
घर कसं शांत! मूल झालं की झोपेचं खोबरं होतं म्हणे. आमची मुंगी अजून महिन्याचीही नाही, पण गुणाची — पाळण्यात ठेवली की डोळे मिटते. मी पुढच्या खोलीत निवांत घड्याळं दुरुस्त करतोय. केसासारखी स्प्रिंग बसवली, हात जरासुद्धा हलला नाही. गिऱ्हाईक म्हणालं, "घरात तान्हं बाळ आहे असं वाटतच नाही हो." मी फुशारून गेलो.

६ मार्च
हीसुद्धा गप्प असते. एरवी हिच्या तोंडाचा पट्टा रस्त्यापर्यंत ऐकू येतो. थकली असेल. "पाजलंस?" विचारलं की "हो" म्हणते, तोंड भिंतीकडे. चहा तसाच गार. करू दे आराम. दाराच्या बिजागरीला तेल घातलं, टोलाचं घड्याळ बंद केलं — दोघींची झोप मोडायला नको.

९ मार्च
मुंगी दुधाच्या वेळी आजही झोपलेली. उठवली नाही. कशाला?

११ मार्च
वजन करायला नर्सताई आल्या. काट्याकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं. जन्मली तेव्हापेक्षाही कमी.
मी म्हणालो, "पण ती रडतच नाही!"
"रडायला ताकद लागते. पोट भरलंय म्हणून नाही झोपत ती. भरत नाही म्हणून झोपते." मग हिच्याजवळ बसल्या. "आणि तू गं? तू जेवतेस का?"
ही ढसाढसा रडली. "ती रडत नाही म्हणून मी उठत नाही. उठावंसंच वाटत नाही. जवळ घेतलं की वाटतं, हिला द्यायला माझ्याकडे काहीच नाही."
मी दारात उभा. टिकटिक थांबलेलं घड्याळ कुणी आणलं तर मी आधी ते उघडून बघतो. आणि घरात दोघींचा आवाज बंद झाला, तर मी खूश! स्वतःचीच लाज वाटली.

१२ मार्च
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा आळस नाही, आजार आहे. बाळंतपणानंतर कितीतरी जणींना होतो. पाजत असताना चालेल अशी गोळी दिली. गुण यायला वेळ लागेल. तोवर आधी अंगावर, मग वरचं दूध, झोपली असली तरी उठवून.
वरचं दूध ऐकून हिचा चेहरा पडला. "वरचं दिलं म्हणून तू आई म्हणून कमी पडलीस, असं नसतं गं," बाई म्हणाल्या. हिला पटलं की नाही, कोण जाणे.

१९ मार्च
टोलाचं घड्याळ पुन्हा चालू. टोल पडला की हातातलं काम टाकून आत. तळवे चोळून मुंगीला उठवणं, बाटल्या उकळणं, पावडर मोजून दूध करणं माझ्याकडे. आज मुंगी छान चुटूचुटू पीत होती. ही बघत होती — भिंतीकडे नाही, तिच्याकडे. मी उगाच तिथेच रेंगाळलो.

२८ मार्च
वजन वाढलं! हिचे डोळे अजून मधूनच भरून येतात, गोळी चालू आहे. पण काल स्वतःहून ताट वाढून घेतलं. दिवसभर शीळ घालत काम केलं मी.

४ एप्रिल
बारीक स्क्रू चिमट्यात धरला होता, तेवढ्यात दोघी एकदम ओरडल्या — एक भुकेने, एक माझ्यावर. "अहो, कानात बोळे घातलेत का? पाणी कधीचं उकळतंय!"
स्क्रू कुठे उडाला देव जाणे. गिऱ्हाइकाने दबकत विचारलं, "घरात काही बिनसलंय का?"
"नाही हो," मी म्हटलं. डोळे पुसले आणि आत पळालो.