दांडा दुरुस्तीला दिलाय

दादा,

तू बाहेर ओट्यावर बसलायस आणि मी शिडांच्या खोलीतून, दाराच्या फटीतून तुझ्यावर नजर ठेवत हे खरडतेय. तुला देणार नाहीच. समोर बोलायला गेले तर रडू फुटेल.

विंडसर्फिंग शिकायला येणाऱ्या प्रत्येकाच्या हेल्मेटचा पट्टा तू स्वतः ओढून बघतोस. आणि तू मात्र बोडक्या डोक्याने पाण्यात. मास्तरनेच हेल्मेट घातलं तर गिऱ्हाईक घाबरेल म्हणे. आज वाऱ्याने शीड उलटलं आणि शिडाचा हातात धरायचा आडवा दांडा तुझ्या कानशिलावर बसला. हसत बाहेर आलास, ‘काही नाही गं’ म्हणालास आणि परत पाण्याकडे निघालास. म्हणून मी दांडाच लपवला.

डॉक्टरांना फोन केलाय, वहिनी गाडी घेऊन येतेय. तोवर तुला पाण्यात जाऊ द्यायचं नाही.

दांडा कुठे, विचारलंस. दुरुस्तीला दिलाय म्हटलं. ‘बरं’ म्हणालास. थोड्या वेळाने पुन्हा तेच विचारलंस, पुन्हा ‘बरं’. एरवी माझी थाप तुला लगेच कळते.

आता उठलास, दाराकडे येतोयस. दादा, या वेळी तरी ‘दांडा कुठे लपवलास?’ म्हणून माझ्यावर खेकस.

तुझी,
किरकिरी