मोठीचा खर्ज

१२ जानेवारी

चि. धाकट्यास, ताईचे अनेक आशीर्वाद.

झालं एकदाचं. अप्पांनी घडवलेल्या सहाही व्हायोलींसाठीचं संगीत काल पुरं झालं, आज टपालात टाकलं. गुडघ्यांत धरून वाजवायच्या या चारशे वर्षं जुन्या घाटाच्या वाद्यांसाठी आता कोण लिहितं, असं शेजारीण विचारत होती. म्हटलं, ही काय, समोर बसलेय.

शेवटचं पान नीट बघ. पाच जणी एकेक करून थांबतात आणि सहांतली सगळ्यांत मोठी व्हायोल, आपली मोठी, एकटी, तुझ्या हातातली, सगळ्यांत जाड तारेवर खर्ज धरून राहते. तिथे ती नेहमीसारखी घरघरणार. अप्पांनी बूच लावलं, मेण लावलं, शेवटी हात टेकले आणि म्हणाले की राहू दे, तिचा घसाच तसा आहे. त्या घशासाठी मी वर्षभर डोकं फोडलंय. दुसऱ्या कुठल्याही वाद्यावर ते पान म्हणजे नुसता एक लांबलचक स्वर.

मोठीचे पडदे सैल झाले होते, नवे बांध. एवढ्याला परवानगी आहे. बाकी सहापैकी कुणालाही हात लावायचा तर दोघांचा होकार हवा, हे अप्पांच्या मागे आपण ठरवलंय. थोरलेपणाचा तेवढाच हक्क मला उरलाय, तो मी सोडायची नाही. आमची भाची चिमणी, तिची चेलोची प्रवेशपरीक्षा कधी आहे?

लोभ आहे तसाच राहू दे.

तुझी,
ताई

३ फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, कान धरतो. तालमी जोरात आहेत. मधली व्हायोल वाजवणारा आपला दंतवैद्य अजून तोंडाने मात्रा मोजतो. दुसऱ्यांची तोंडं उघडणाऱ्या माणसाला आम्ही रोज तोंड मिटायला सांगतो.

एक आनंदाची बातमी. मोठीची घरघर गेली. आत एक पट्टी सुटली होती, सरस लावून दोन दिवस शिकंज्यात ठेवली. अप्पांना जमलं नाही ते मला जमलं, म्हणून जरा कॉलर ताठ आहे. ध्वनिफीत सोबत आहे. शेवटचा स्वर लख्ख येतो, ऐक.

चिमणीची परीक्षा पंधरा तारखेला आहे. तू तालमीला यायची दगदग करू नकोस, थंडी फार आहे. थेट कार्यक्रमालाच ये.

धाकट्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
धाकटा

२१ फेब्रुवारी

ती. आत्यास, शि. सा. न.

मी पास झाले. यादीत तिसरी आहे. हे पत्र बाबांना न सांगता लिहितेय. ते म्हणाले होते की आत्याचे आभार मानू नकोस, तिला अवघडल्यासारखं होतं. पण मला राहवेना.

माझा आधीचा चेलो खोक्यासारखा वाजायचा. तू होकार दिलास म्हणून तर नोव्हेंबरात बाबांनी आजोबांच्या मोठीचा चेलो केला. मान कापून अरुंद केली, पडदे काढले, सहाच्या जागी चार तारा चढवल्या. कापताना बाबा रडत होते. मी नको नको म्हणत होते, तेव्हा त्यांनी सांगितलं की तुझं पत्र आलंय आणि आजोबांना हे आवडलंच असतं असं तू लिहिलंयस. परीक्षकांनी विचारलं, इतका मुरलेला आवाज आणला कुठून.

तुझ्या संगीतासाठी बाबांनी जुन्या मास्तरांची मोठी मागून आणलीय. ती चांगली आहे, पण खाकरत नाही.

माझ्यावर अशीच माया कर.

तुझी,
चिमणी

२६ फेब्रुवारी

चि. धाकट्यास, आशीर्वाद.

चिमणीचं पत्र आलं. तिला रागावू नकोस, तिला काही ठाऊक नव्हतं.

तुझी ध्वनिफीत मी शेजारणीला बोलावून ऐकवली होती. घरघर गेल्याची हळहळ गिळून माझ्या भावाचे हात बघा म्हणून मिरवले. आता ती जिन्यात भेटली की मी दाराची कडी शोधत बसते.

मान कापलीस याचं वाईट वाटतं, पण त्याची समजूत घालता येईल. मी न लिहिलेलं पत्र तू त्या पोरीला सांगितलंस आणि अप्पांची पसंती माझ्या तोंडी घातलीस, याचं काय करू? विचारलं असतंस तर मी आकांडतांडव केलं असतं, आठ दिवस अबोला धरला असता आणि मग हो म्हटलं असतं. चिमणी काय तुझ्या एकट्याची आहे? तू मला फसवलंस, धाकट्या. आणि तेही फुकट, कारण होकार मिळणारच होता.

शेवटचं पान मी डिसेंबरात लिहिलं. रोज दुपारी खिडकीशी बसून मोठीचा तो खर्ज मनात धरायचे, घरघर किती वेळाने सुरू होते ते घड्याळ लावून बघायचे. तेव्हा तिची मान कापून महिना झाला होता.

चिमणीला आजच उत्तर टाकलं. होकार माझाच होता आणि पत्रात मी अगदी तसंच लिहिलं होतं, असं कळवलंय. तिने निवांत वाजवावं. तुझं खोटं मी निभावलं ते तिच्यासाठी, तुझ्यासाठी नाही.

मास्तरांची मोठी परत कर. मोठीच्या ओळी मी मधल्यांना वाटून दिल्यात, नवी पानं सोबत आहेत. शेवटच्या पानावरचा खर्ज तेवढा कुणाला दिलेला नाही. कार्यक्रमात सहावी खुर्ची मांडा आणि तिच्यावर तू बस, रिकाम्या हातांनी. पाच जणी थांबल्या की तो स्वर किती मात्रांचा आहे हे तुला ठाऊक आहे. तेवढा वेळ उठू नकोस. मी समोर बसलेली असेन.

लोभाचं या खेपेला काही लिहीत नाही.

ताई