सेन्सर मी स्वतः बदलणार

३ ऑक्टोबर, शनिवार
आजपासून रोज लिहायचं. मागच्या वहीत चारच पानं झाली, पण ती वही रेघांची होती. मला रेघा चालत नाहीत.

मोठी बातमी. सर्व्हेवाल्या मॅडमचा फोन आला. या दगडमातीचा अभ्यास करतात. सहा महिने डोंगरात काम, तंबूत मुक्काम, जायला धड रस्ता नाही. त्यांना ड्रायव्हर हवाय, आणि तोही फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीसकट. म्हणजे मीच! गाडी बाबांची आहे, पण मी चालवतो तेव्हा ती माझीच असते. अट एकच, तीस तारखेच्या आत धूर तपासणीचं सर्टिफिकेट. निघायचं दोन नोव्हेंबरला.

आईने लगेच स्वतःची अट जोडली. हे जमलं नाही तर दोन नोव्हेंबरपासून बाबांच्या झेरॉक्सच्या दुकानात बसायचं. कायमचं. दिवसभर उभं राहून बाबांचे गुडघे गेलेत, म्हणाली. मी म्हटलं, कबूल. जे होणारच नाही ते कबूल करायला काय जातंय?

गाडी वीस वर्षांची आहे. डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा दोन वर्षांपासून पेटलेला आहे. त्याचं काहीतरी बघावं लागेल.

५ ऑक्टोबर, सोमवार
मिस्त्रींकडे गेलो. बाबांचे जुने मेकॅनिक. त्यांनी स्कॅनर लावला आणि म्हणाले, ऑक्सिजन सेन्सर गेलेत. सायलेन्सरच्या पाइपात चार असतात, दोन पुढे, दोन मागे. धुरात ऑक्सिजन किती उरलाय ते हुंगतात, त्यावरून कॉम्प्युटर पेट्रोल कमी-जास्त करतो. पुढचे दोन म्हातारे झालेत, ते बदल. मागचे ठणठणीत आहेत, त्यांना हात लावू नकोस.

मग कुठल्या कंपनीचा डबा, कुठला डबा नको, असं बरंच काही सांगत होते. माझं लक्ष समोरच्या टायरच्या कॅलेंडरकडे होतं. वाळवंटाचा फोटो. त्यात एक गाडी, आणि शेजारी खुर्ची टाकून बसलेला माणूस. असं जगायला पाहिजे.

आकडा ऐकून हसायला आलं. दोन बोटभर नळ्यांचे एवढे? म्हटलं, मी स्वतः बदलणार. ते म्हणाले, बदल की, तुझीच गाडी. मग डोकं खाजवून म्हणाले, नाही, वडिलांची. काही लोकांना टोमणा मारल्याशिवाय पानाच फिरवता येत नाही.

संकल्प: सगळं स्वतः करायचं. एक तृतीयांश खर्चात.

६ ऑक्टोबर, मंगळवार. दुपार
चार तास व्हिडिओ बघितले. सुरुवात सेन्सरपासून केली, शेवटी एक माणूस बसचं घर करतो तिथे पोचलो. त्याने बाथरूम फार हुशारीने बसवलंय.

ऑर्डर दिली. ‘कुठल्याही गाडीला चालणारे’ सेन्सर. पुढे प्लग नसतो, नुसत्या चार वायरी, म्हणून स्वस्त. जुना प्लग कापून त्याला जोडायचे. इलेक्ट्रॉनिक्सच्या कोर्सचे साडेतीन महिने फुकट गेले म्हणणाऱ्यांनी (ताई) आता डोळे उघडून बघावं.

जेवताना बाबांनी विचारलं, तंबू कसले असतात? म्हटलं, तंबूसारखे. खाली अंथरायला काय देतात? पहाटे थंडी किती असते? बिचाऱ्यांना माझी फार काळजी. म्हटलं, मी राहीन हो.

१० ऑक्टोबर, शनिवार
पार्सल आलं. उद्या बसवतो.

११ ऑक्टोबर, रविवार
डोक्याला बांधायचा दिवा नाही. त्याशिवाय गाडीखाली शिरणं म्हणजे अडाणीपणा. तो आणायला गेलो. दुकानात दुर्बिणी पण होत्या. एक घेतली. डोंगरात लागेलच.

१४ ऑक्टोबर, बुधवार
गाडीखाली दोन तास. पुढचा डावा सेन्सर हलला नाही. व्हिडिओतला माणूस शिट्टी वाजवत काढतो, पण त्याची गाडी साबणाने धुतल्यासारखी आहे. गंजावर तेल मारलं, ते डोळ्यात आलं.

मिस्त्रींना फोन केला. मदत मागायला नव्हे, नुसती चौकशी. म्हणाले, इंजिन कोमट असताना काढ. कोमट म्हणजे किती, ते नाही सांगितलं. अर्धवट माहिती देणं ही या लोकांची जुनी खोड. उजव्या हाताला तीन फोड आलेत. डाव्या हाताने लिहितोय, म्हणून अक्षर असं.

१६ ऑक्टोबर, शुक्रवार
एक निघाला! सहज, दोन झटक्यांत. नंतर लक्षात आलं की तो मागचा. हात लावू नकोस म्हणाले होते तो. पण विचार केला, इतका सहज निघाला याचा अर्थ तोच ढिला होता, म्हणजे खराब तोच. त्याची वायर तुटली, तेही वय झाल्यामुळेच.

आता तीन सेन्सर लागणार. तिसरा भंगारवाल्याकडून आणला. म्हणाला, भाऊ, डोळे झाकून ने, चालू गाडीतला आहे. चालू गाडी भंगारात कशी आली, हे विचारायचं राहिलं.

१९ ऑक्टोबर, सोमवार
पुढचे दोन्ही निघाले. लांब पाइप लावून, पाय भिंतीला टेकवून. ताईने बॅटरी धरली. ती दर पाच मिनिटांनी विचारत होती, हा भाग परत बसणार आहे ना?

मग जोडणी. तीन सेन्सर, प्रत्येकी चार वायरी, एकूण बारा जोड. प्रत्येकाला सोल्डरचा डाग दिला, त्यावर नळी चढवली, त्यावर सिलिकॉनचा जाड थर. हवेचा कणही आत जाणार नाही. काम इतकं देखणं झालं की फोटो काढले. ताई म्हणाली, हे कोर्समध्ये शिकवलं का रे? म्हटलं, नाही, हे चौथ्या महिन्यात असतं.

बाबा दुकान बंद करून आले, जरा वेळ वाकून बघत राहिले. म्हणाले, त्या मॅडमचा नंबर देऊन ठेव, घरी असलेला बरा. दिला. घरचे आत्तापासूनच माझ्याविना राहायची तयारी करतायत.

२० ऑक्टोबर, मंगळवार. सकाळी ११
दिवा गेला! गेला! मिस्त्रींना फोटो पाठवला.

त्याच दिवशी, ११.२५
दिवा आला.

२२ ऑक्टोबर, गुरुवार
गाडी पूर्वी पेट्रोल प्यायची, आता नुसतं ओततेय. मागे काळा धूर. शेजारच्या काकूंनी वाळत घातलेली चादर दुसऱ्यांदा धुतली आणि मला ऐकू येईल अशा बेताने धुतली.

मिस्त्री स्वतःहून आले. खाली वाकले, माझे जोड बघितले आणि तिथेच मटकन बसले. म्हणाले, अरे, हा सेन्सर आतला धूर आणि बाहेरची हवा यांची तुलना करतो. बाहेरची हवा त्याला वायरींमधूनच मिळते. या वायरी नुसत्या दाबून जोडायच्या असतात. तू डाग देऊन, वर लुकण लावून वाटच बंद केलीस. चांगल्या माणसाचं नाक शिवलंस आणि आता विचारतोस, वास का येत नाही.

म्हटलं, व्हिडिओत असं काही सांगितलं नव्हतं. ते गेल्यावर तपासलं. चौदाव्या मिनिटाला सांगितलंय. मी बाराव्यावरून पुढे ढकलला होता, कारण तो फार बोलतो.

बाबा मिस्त्रींना सोडायला फाटकापर्यंत गेले आणि अर्धा तास तिथेच उभे. त्या दोघांना बोलायला काय असतं, देव जाणे.

२४ ऑक्टोबर, शनिवार
मॅडमचा फोन. गाडी कुठवर आली? म्हटलं, नव्वद टक्के. डोंगरात बंद पडली तर दुरुस्त कोण करणार? म्हटलं, मीच की. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. रेंजचा प्रॉब्लेम असावा.

२६ ऑक्टोबर, सोमवार
पहाटे डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सगळे सेन्सरच्या मागे लागलेत. पण तक्रार सेन्सरची नाहीच, तक्रार दिव्याची आहे. डॅशबोर्ड उघडला आणि दिव्याचा बल्ब काढून खिशात टाकला. दोन वर्षांचं दुखणं चाळीस मिनिटांत संपलं. स्पीडचा काटा आता हलत नाही, पण वेग आपल्याला आतून कळतो.

मिस्त्रींना सांगितलं नाही. त्यांचं मन दुखवायचं नाही.

२८ ऑक्टोबर, बुधवार
तपासणी केंद्र. साहेब खुर्चीतून न उठता म्हणाला, किल्ली फिरवा. फिरवली. मग उठला आणि खिडकीतून आत डोकावला. म्हणाला, किल्ली फिरवल्यावर सगळे दिवे एकदा पेटतात आणि मग विझतात. इंजिनचा का नाही पेटला?

म्हटलं, इंजिन ठीक आहे ना, म्हणून.

त्याने आतून दुसऱ्याला हाक मारली. म्हणाला, अहो, इकडे या, हे काय म्हणतायत ऐका. मला परत सांगायला लावलं. दुसऱ्याने तिसऱ्याला बोलावलं. मग नळी लावून धूर मोजायची गरजच उरली नाही, कारण तो त्यांच्या शर्टांवरच बसला होता. नापास. कागदावर कारण लिहिलंय, ‘दिवा काढून टाकलेला’. सरकारी माणसांना नवीन कल्पना सहन होत नाही.

घरी सांगितलं. आई म्हणाली, दोन तारखेला साडेआठला शटर उघडायचं. ताईने आज चक्क माझं ताट वाढून दिलं. त्याचाच जास्त राग आला. बाबांनी फक्त हात पुढे केला. म्हणाले, किल्ली.

२९ ऑक्टोबर, गुरुवार
बाबांनी दुकान बंद ठेवलं. मला आठवतंय तेव्हापासून असं पहिल्यांदाच. सकाळी गाडी मिस्त्रींकडे नेली, चारला परत. पुढे दोन नवे सेन्सर, प्लगसकट, नुसते टचकन बसणारे. गाडीच्या कंपनीच्या डब्यातले नाहीत, सेन्सर बनवणाऱ्या कंपनीच्याच डब्यातले. माल तोच, किंमत निम्मी. हे मिस्त्रींनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, असं ते सगळ्यांना सांगत सुटलेत. मागचा जुना सेन्सर ठणठणीत निघाला, त्याची तुटलेली वायर दाबून जोडली. भंगारातला टाकून दिला. बल्ब जागेवर.

मी केलेल्या खर्चापेक्षा कमीच लागलं. आई मुद्दाम दोन्ही बिलं टेबलावर शेजारी-शेजारी ठेवून गेली. मी त्या टेबलावर जेवलो नाही.

३० ऑक्टोबर, शुक्रवार
पास!! बाबा स्वतः जाऊन सर्टिफिकेट घेऊन आले. वर्षानुवर्षं त्यांना माझ्यात काही दिसत नाही असं वाटायचं, आणि आज माझ्यासाठी हा माणूस केंद्रावर रांगेत उभा राहिला. म्हटलं, द्या, मी फाइलमध्ये ठेवतो. म्हणाले, असू दे माझ्याकडे.

मी मोठ्या मनाने सगळ्यांना माफ केलं. मिस्त्रींनाही.

१ नोव्हेंबर, रविवार
बॅग भरली. दुर्बीण वरच्या कप्प्यात. आई दिवसभर स्वेटर शोधत होती. म्हटलं, माझा घेतलाय. म्हणाली, बरं.

२ नोव्हेंबर, सोमवार
जे झालं ते थंड डोक्याने लिहितोय.

सहा वाजता बॅग घेऊन खाली आलो. गाडीत आधीच एक बॅग होती. वाटलं, बाबा नाक्यापर्यंत सोडायला येतायत. मॅडम आल्या, सरळ बाबांकडे गेल्या आणि म्हणाल्या, काका, कागद सगळे घेतलेत ना? बाबा ड्रायव्हरच्या सीटवर बसले. मी दुसऱ्या बाजूचं दार उघडलं. तिथे मॅडम बसणार होत्या.

मग मॅडमनीच मला सांगितलं, तेही फार गोड आवाजात. बाबांनी त्यांना बावीस तारखेलाच फोन केला होता. म्हणाले, पोरगा चांगला आहे, पण त्याच्या भरवशावर डोंगरात जाऊ नका. मग त्यांच्यात बोलणं वाढलं. गाडी वीस वर्षं बाबांनीच चालवलेली, मिस्त्रींच्या शेजारी बसून तिचा एकेक नट उघडलेला. मॅडम म्हणाल्या, मग तुम्हीच या ना.

मी म्हटलं, अहो, पण गुडघे?

बाबा म्हणाले, ते उभं राहून दुखतात. बसून नाही.

आईने खिडकीतून त्यांना स्वेटर दिला. म्हणजे तिला ठाऊक होतं. ताईला ठाऊक होतं, कारण ती कॅमेरा तयार ठेवून होती. मिस्त्रींना तर असणारच. मला सोडून सगळ्या गावाला.

बाबांनी शटरची किल्ली माझ्या हातात ठेवली. म्हणाले, प्रिंट फिकी आली की टोनर आधी हलवून बघायचा, लगेच नवा घालायचा नाही. बस. एवढंच. गाडी गेली. मागे धुराचा ठिपकासुद्धा नव्हता.

५ नोव्हेंबर, गुरुवार
बाबांच्या जागी उभं राहिलं की समोर फक्त न्हाव्याच्या दुकानाची भिंत दिसते. दुर्बिणीतून पाहिली. भिंतच आहे.

१२ नोव्हेंबर, गुरुवार
लोक कागद उलटा ठेवतात आणि कोरी कॉपी आली की माझ्याकडे बघतात. आज एकाने विचारलं, बाबा कुठे? सांगितलं. म्हणाला, वा! या वयात! मग मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाला, दोन कॉपी.

२६ नोव्हेंबर, गुरुवार
दुपारी बाबांचा फोन. रेंज एका कड्यावरच मिळते, तिथे चढून गेले होते. गाडी नदीतून कशी काढली ते सांगत होते. पाणी दारापर्यंत होतं, मॅडमनी डोळे मिटले होते, वगैरे. हसत होते. ते सलग वीस मिनिटं बोलू शकतात हे मला माहीत नव्हतं. दुकानाबद्दल एक शब्द नाही.

मी विचारलं, सहा महिने झाले की लगेच येताय ना?

म्हणाले, अरे, सांगायचं राहिलं, काम दोन वर्षांवर गेलंय. तू आहेस दुकानात, मला कसली घाई?

तेवढ्यात एक बाई आल्या, दोन्ही बाजूंनी कॉपी हवी होती, म्हणून फोन ठेवावा लागला.

संकल्प: बाबा साडेआठला दुकान उघडायचे. मी उद्यापासून नऊला उघडणार. आपल्यावर कुणाची सक्ती नाही.