माळ आणि कोदो

सिंदेवाही, आश्विन १९५६

ती. इंदुताईंस, सविनय नमस्कार.

तुमचे भाऊ माळकरी असून मोहाची दारू प्यायले, असं मी परवा लिहिलेलं पत्र टाकलं नाही, ही देवाचीच कृपा. जेवून उठले तर झोकांड्या, हात थरथरत. मी माळ काढून घेतली. "अवं, तुयाच हातचं जेवलो," म्हणत राहिले.

रागानं मी जेवलेच नाही; उरलेला कोदोचा भात काल शेजारच्या खैरुनच्या कोंबड्यांना घातला. तासाभरात ती दारात. "बाई, माह्या कोंबड्या बी झोकांड्या खाऊन राह्यल्या. आता त्याईची माळ काढता का?"

कापणीच्या पावसात भिजून बुरशी आलेले कोदोचे दाणे, अन्न टाकू नये म्हणून मीच वाळवून शिजवले होते; झिंग त्यांचीच. आज सगळे खड्ड्यात पुरले. हे आता बरे आहेत. माळ परत घातली, तेव्हा हळूच म्हणाले, "आज काय रांधलं, ते आधी सांग."

हेही पत्र धाडत नाही. मार्कंड्याच्या जत्रेत तुम्ही सगळ्यांना सांगाल.

तुमची शहाणी भावजय,
कमळा